ब्रॅडगेटची राखलेली माळरानं

लेस्टरला आप्तांकडे गेलेला प्रवासी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील संगमरवरी जिनालयाचे दर्शन घेतल्यावाचून सहसा परतत नाही. त्याने आणखी एक सकाळ हाताशी ठेवावी आणि शहराच्या वायव्येस सुमारे दहा किलोमीटरवर असलेले ब्रॅडगेट पार्क पायी पाहावे.

पार्क म्हटल्यावर फुलांचे ताटवे नि कारंजी डोळ्यांपुढे येतात. येथे त्यांतले काही नाही. न्यूटाउन लिनफर्ड गावाकडील फाटकातून आत शिरले की लिन नावाची लहानशी नदी सोबतीला येते. पलीकडे नेच्याच्या झुडपांनी भरलेले उतार आणि त्यांतून डोके वर काढणारे काळसर खडक. पृथ्वीवर हाडांचे प्राणी निपजण्यापूर्वीचे, पन्नास कोटी वर्षांहून जुने असे हे खडक आहेत. त्यांवर बसून लोक खुशाल डबे उघडतात.

वाटेत लाल विटांचे भग्न वाडे लागतात. 1553 मध्ये अवघे नऊ दिवस इंग्लंडची राणी ठरलेल्या लेडी जेन ग्रे हिच्या घराण्याचे हे निवासस्थान. पुढल्याच वर्षी तिचा शिरच्छेद झाला. त्या दुःखात येथील ओक वृक्षांचेही शेंडे छाटले गेले, अशी दंतकथा आहे. वास्तविक कोवळे फुटवे जनावरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून झाडे उंचावर छाटण्याची ती जुनी रीत होती. पण वठलेल्या, पोकळ बुंध्यांपुढे उभे राहिले की दंतकथाच खरी वाटते.

हरणे मोकळी फिरतात. तांबडी, थोराड शिंगांची एक जात. दुसरी आपल्या चितळासारखी ठिपकेदार. शरद ऋतूत नरांचे हंबरणे दूरवर ऐकू येते. मात्र भिंतीआडच्या या रानात चारा मोजका आणि हिंस्र श्वापद एकही नाही. म्हणून कळपाची संख्या बंदुकीने मर्यादित ठेवली जाते. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या पाहुण्याला हे कळते तेव्हा हरणांकडे पाहण्याची त्याची नजर पूर्वीसारखी राहत नाही. व्यवस्थापनाची अडचण खोटी नाही, आणि मनाची बोचही खोटी नाही.

शतकानुशतके ही जमीन सरदारांच्या मृगयेसाठी राखीव होती. 1928 साली चार्ल्स बेनियन या कारखानदाराने ती विकत घेऊन लेस्टरशायरच्या जनतेला देऊन टाकली. सुमारे 830 एकर! जोडे बनविण्याच्या यंत्रांच्या धंद्यातला हा पैसा. चामड्याशी जोडलेला, हेही खरे. देणगीमागचा हेतू एवढाच होता की, जमीन नैसर्गिक स्थितीत राहावी आणि लोकांना तेथे निवांतपणा लाभावा. बांधकामासाठी देणाऱ्याला कोनशिला तरी मिळते. काहीही न बांधण्यासाठी मोठी रक्कम मोजणे व्यापारी माणसाला अवघडच. पुढल्याच वर्षी बेनियन निवर्तले.

शेवटचा चढ ओल्ड जॉनचा. 1784 मध्ये बांधलेला हा बुरूज दुरून कान असलेल्या पेल्यासारखा दिसतो. माथ्यावर वारा थांबत नाही. कोट बरोबर असावा. स्वच्छ दिवशी येथून अवघे लेस्टर दृष्टीस पडते. त्यातल्या बेलग्रेव्ह रोडवर बेनियन यांच्या कंपनीचा कारखाना होता. ती कंपनी आता उरलेली नाही. त्याच रस्त्यावर आज गुजराती कुटुंबांची साड्यांची आणि सोन्याची दुकाने आहेत.