दाराशी गाडी लागली की

दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर घाई सुरू होते. पत्र्याच्या पेटीत कपडे जातात, बाजरीच्या पोत्याचे तोंड शिवले जाते, तवा, परात, कळशी एका जुन्या गोधडीत बांधली जाते. कोंबड्या डालग्यात जातात, शेळी शेजाऱ्याच्या दावणीला. मुकादमाचा फोन येतो, “उद्या रात्री गाडी लागंल.” कधी तो ‘उद्या’ चार दिवस लांबतो, तर कधी त्याच संध्याकाळी ट्रक येऊन हॉर्न वाजवतो. ऊसतोडीसाठी आगाऊ उचल घेतलेली असते, त्यामुळे मोठ्यांपुढे प्रश्न नसतो. तिसरी-चौथीतल्या पोराला मात्र एवढेच कळते, की काल दिलेला गृहपाठ आता तपासला जाणार नाही.

2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा वहीवरचा पत्ताही बदलला. तो बदल सोपा होता. जुने नाव खोडायचे, नवे लिहायचे. गाव, शाळा, बाकावरचा सोबती सगळे जागच्या जागी. ऊसतोडीच्या हंगामात पत्त्याची प्रत्येक ओळ बदलते, आणि नवी ओळ कोणती हे पुष्कळदा ट्रकमध्ये बसल्यावर समजते.

या जिल्ह्याला दोन तोंडे आहेत. 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस डोलू लागला. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाठोपाठ संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे अशी धुराड्यांची रांग लागली. पाथर्डी, जामखेड आणि शेवगावचा कोरडवाहू भाग पावसाच्या भरवशावर राहिला. तिथली माणसे कोयता घेऊन निघतात. कोणी याच जिल्ह्याच्या उत्तरेला, कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी थेट कर्नाटकात. गाळप कधी सुरू करायचे ते मंत्र्यांच्या समितीत ठरते. 2024 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला, 2025 चा 1 नोव्हेंबरला. तारीख मुंबईत पुढे-मागे होते आणि वेळापत्रक पाथर्डीतल्या पोराचे मोडते.

ऊसतोडीच्या तळावरचा दिवस शाळेच्या दिवसाशी कुठेच जुळत नाही. बांबू, चटया आणि प्लास्टिकचा कागद यांची कोपी. आत वाकूनच शिरायचे. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडावर जातात. गाडी भरून कारखान्यावर रिकामी व्हायला कधी दुपार होते, कधी मध्यरात्र. जेवणाची वेळ गाडीच्या पाळीवर ठरते. घरातली थोरली मुलगी नऊ-दहा वर्षांची असली, तरी धाकट्याला कडेवर घेऊन पाणी भरते, चूल पेटवते. गावात तिच्या दिवसाला प्रार्थनेची घंटा होती, खिचडीची सुट्टी होती, शनिवारची सकाळची शाळा होती. इथे सोमवार आणि रविवार सारखेच.

मुले लवचिक असतात, कुठेही रुळतात, असे मोठी माणसे सहज म्हणून जातात. त्यात निम्मे खरे आहे. मूल नव्या जागेत खेळायला जोडीदार चटकन शोधते. पण त्याचे पोट दुखते, ते रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, विनाकारण हट्टाला पेटते. मोठ्यांना तो हट्ट दिसतो, त्यामागची भीती दिसत नाही.

ही भीती जवळून पाहिली गेली ती युद्धकाळात. सप्टेंबर 1939 मध्ये लंडन आणि इतर ब्रिटिश शहरांतून बॉम्बच्या भीतीने काही दिवसांतच सुमारे 15 लाख माणसे खेड्यांकडे हलवली गेली. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुले होती. पुढे ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये युद्धकाळासाठी बालगृहे चालवली. मुलांना जवळून पाहून त्यांनी नोंदवले, की आईजवळ असलेले लहान मूल बॉम्बहल्लाही बऱ्यापैकी सोसते. त्याला मोडून टाकते ती आईपासूनची एकाएकी ताटातूट. मग त्यांनी मुलांचे छोटे छोटे गट करून प्रत्येक गटाला एक ठरलेली बाई दिली. मातांना कधीही भेटायला यायची मुभा ठेवली. मुलाला घरापासून तोडायचेच असेल, तर ते हळूहळू व्हावे, असा त्यांचा आग्रह होता.

पाथर्डीतल्या आईपुढचा पेच याच निरीक्षणाने अवघड होतो. मुलाला सोबत न्यावे तर शाळा बुडते, मागे ठेवावे तर आई तुटते. त्यावर निघालेली एक वाट म्हणजे हंगामी वसतिगृह. मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. अंगण तेच, वर्ग तोच, फक्त आई-बाप फोनवर. दुसरी वाट मुक्कामाची: 2021 मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह योजना मंजूर केली. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे, प्रत्येकी 100 मुलांची सोय. पहिल्या टप्प्यात पाथर्डी आणि जामखेड होते. योजना चांगली. पण तिथे आलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला संध्याकाळी जेवताना रोज ओळखीचा तोच चेहरा दिसतो का, यावर त्याचे रुळणे अवलंबून आहे. सरकारी निर्णयात खाटांची संख्या लिहिता येते, हे लिहिता येत नाही.

सोबत गेलेल्या मुलांसाठी 1990 च्या दशकात औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने साखरशाळा चालवायला घेतल्या. कारखान्याच्या तळाजवळच शेडमध्ये वर्ग भरायचा. अभ्यासक्रम किती पुरा झाला, हा हिशेब वेगळा. पण दिवसातून काही तास ठरलेल्या वेळी ठरलेली बाई येते, हजेरी घेते आणि नावाने हाक मारते, ही गोष्ट फडावरच्या मुलासाठी मोठी होती. कौटुंबिक रीती आणि दिनक्रमावरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा बार्बरा फीझ आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये घेतला. त्यातही हेच दिसते: जेवणाची, झोपण्याची ठरलेली पद्धत अडचणीच्या काळात मुलांना आधार देते.

म्हणजे सगळा दिवस वाचवायची गरज नाही. दोन खुंट्या पक्क्या असल्या तरी पुरते. तळावर वीज नसेल, वेळेचा पत्ता नसेल, तरी झोपण्यापूर्वी आईने एक गोष्ट सांगणे जमू शकते. ‘गाडी कधी येईल माहीत नाही, पण आली की आपण सगळे मिळून जाऊ, आणि होळीनंतर परत येऊ’ हे वाक्य आधी चार दिवस सांगणे जमू शकते. तारीख ठाऊक नसेल तर ती ठाऊक नाही हेच सांगावे; झोपेतल्या मुलाला उचलून ट्रकमध्ये टाकू नये. पेटीत काय न्यायचे, यातली एक वस्तू त्याला निवडू द्यावी: दप्तर, भिंगरी, फुटकी पाटी, काहीही. गुरुजींनी जाण्याआधी वहीत नाव, इयत्ता, शाळेचा फोन नंबर लिहून दिला, तर त्या पानामुळे मुलाला आपण अजून कुठल्यातरी वर्गाचे आहोत असे वाटते.

वेळापत्रक मोडणे म्हणजे काय, हे मार्च 2020 च्या कोरोना टाळेबंदीत नगर शहरातल्या सोसायट्यांमधल्या मुलांनाही कळले. एका रात्रीत शाळा, मैदान, वाढदिवस सगळे बंद. ऊसतोडीच्या मुलांचे तेव्हा उलटे झाले. हंगामाचा पट्टा पडत आला होता, गावाची ओढ लागली होती, आणि रस्तेच बंद. कामगारांना गावी परतायची परवानगी राज्य सरकारने 17 एप्रिलला दिली. तोवर काम संपलेल्या तळांवर कुटुंबे अडकून होती. पुढच्या वर्षी पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारने गाव कोरोनामुक्त करून जूनमध्येच शाळेचे वर्ग भरवले, तेव्हा त्याची बातमी झाली. मुलांना त्यांची घंटा परत मिळावी, यासाठी आख्खे गाव कामाला लागले होते.

परतणे हाही बदलच आहे, आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते. मार्च-एप्रिलमध्ये मूल गावात येते, तेव्हा धडे पुढे गेलेले असतात, बाकावर दुसरे कोणी बसलेले असते, खेळाचे गडी वाटले गेलेले असतात. पहिल्याच दिवशी पाढे विचारले, तर ते मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. अनुभवी शिक्षक त्याला आधी बोलू देतात: कोणत्या कारखान्यावर होतास, गव्हाणीत मोळी कशी टाकतात, बैलांची नावे काय. चार-पाच महिन्यांत त्या मुलाने पाहिलेले वर्गातल्या इतरांनी पाहिलेले नसते. ते सांगता सांगता त्याला त्याची जागा परत मिळते. पाढे आठवड्याने विचारता येतात.

2010 मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यानंतर तळाजवळच्या नियमित शाळेतच टोळीसोबत आलेल्या मुलांना बसवायचे धोरण आले. त्यासाठी मूळ गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळते. तेव्हा राहाता, श्रीरामपूर, नेवासे या पट्ट्यातल्या वाचकांकडे एक मागणे आहे. तुमच्या उसाला तोड मिळाली आणि बांधावर कोप्या पडल्या, की टोळीतल्या मुलांना इयत्ता विचारा आणि त्यांना तुमच्या गावच्या शाळेत घेऊन जा. शाळा सोडल्याचा दाखला जवळ नसला, तरी त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही किंवा लांबवताही येत नाही. कायद्याच्या कलम 5 मध्ये ते स्पष्ट लिहिले आहे.