मोत्याच्या मानेवरची जखम

कुत्र्यांच्या भांडणात झालेली चाव्याची जखम वरून फसवी असते. सुळ्याने कातडीला टिकलीएवढे भोक पडते. पण धरणाऱ्याने झटके दिले असतील, तर कातडी खालच्या मांसापासून सुटून आत पोकळी होते. तोंडातले जंतू तिथे राहतात, भोक वरून मिटते आणि दोन-चार दिवसांत गळू धरते. म्हणूनच अशी जखम डॉक्टर बरेचदा टाके न घालता उघडी ठेवतात.

मोत्या पडवीत वाढलेला गावठी कुत्रा. भाद्रपदात कुत्र्या माजावर आल्या की वाडीत रात्रभर भांडणे जुंपतात. अशाच एका रात्री तो रक्ताळलेली मान घेऊन आला. दवाखाना उजाडल्यावर उघडणार. अशा वेळी पहिले काम तोंड बांधण्याचे, कारण वेदनेत गरीब कुत्राही घरच्याच हाताला चावतो. मात्र तो ओकत किंवा धापा टाकत असेल तर बांधू नये. मोत्याचे तोंड सुनेने परकराच्या नाडीने बांधले. मग रक्तावर स्वच्छ फडके दाबायचे, भोवतालचे केस कापायचे आणि उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून त्याची धार सोडायची. इथवर घरात एकमत होते. वाद पेटला तो हळदीवरून. कापलेल्या बोटाला चालणारी हळद खोल भोकात बूच मारून बसते, असे सांगून सुनेने सासूबाईंना डबा परत ठेवायला लावला. त्यांचा शब्द त्या घरात प्रथमच मोडला गेला. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या माणसांच्या गोळ्याही स्वतःहून देऊ नयेत. कुत्र्याला त्यांची विषबाधा होऊ शकते.

आजोबा गप्प होते. कुत्र्याने उंबरठा ओलांडायचा नाही, हा नियम त्यांचाच. माजघरात आपली घोंगडी त्यांनीच अंथरली आणि ‘बाहेर माशा बसतील, किडे पडतील’ असे कारण दिले. कारण खरे होते: ओल्या दिवसांत माशी उघड्या जखमेत अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या दिसू लागतात. पण जखम भरली, माशांचे दिवस सरले, तरी घोंगडी उचलली गेली नाही. पुढे म्हातारपणी मोत्या गेला तोही माजघरातच.

भांडण सोडवताना आजोबांच्या मनगटालाही दात लागला होता. सदऱ्याच्या बाहीखाली तो त्यांनी दडवला. सुनेला दिसला तेव्हा म्हणाले, ‘नख लागलं.’

‘मामंजी, नखानं अशी दोन भोकं पडत नाहीत.’

सकाळी मोत्या जनावरांच्या दवाखान्यात गेला आणि आजोबा आरोग्य केंद्रात. आधी लस घेतलेल्या कुत्र्यालाही अशा चाव्यानंतर रेबीजच्या लशीचा डोस पुन्हा द्यावा लागतो. माणसाला दात लागला असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.