बाटलीवरची बारीक अक्षरं

घोड्याच्या मानेवर एक त्रिकोणी जागा असते. वर मानेचा जाड दोर, खाली मणक्यांची तिरकी ओळ, मागे खांदा. या तिघांमध्ये माझा तळवा बरोबर मावतो. तिथली कातडी डाव्या हाताच्या चिमटीत धरायची आणि घोड्याचं ध्यान चिमटीकडे गेलं की शेजारीच सुई आत सारायची. घोडा कान हलवतो, बस्स. बाटली आधी थोडा वेळ मुठीत धरायची, म्हणजे फ्रीजचा गारठा जातो; मग हलवायची, कारण साका तळाशी बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी मान आखडली तर घोडा जमिनीवरची वैरण खायला वाकत नाही, म्हणून सईसाला सांगून ठेवायचं की दोन दिवस गवत उंचावर टांग. ही सगळी हाताची कामं. ती मला लवकर जमली, आणि जमली म्हणून मी बरीच वर्षं स्वतःवर खूश होतो.

पुण्याबाहेर एका निवृत्त रिसालदारांची छोटी रायडिंग स्कूल होती. चौदा जनावरं. निम्मी रेसकोर्सवरून उतरलेली थरोब्रेड, बाकी काठेवाडी-मारवाडी मिसळ, आणि एक नुकरी घोडी, जिला लग्नसराईत वरातीसाठी मागणी असे. रिसालदारसाहेबांची वही बघण्यासारखी होती. प्रत्येक घोड्याला दोन पानं. नाल कधी बदलले, जंताचं औषध कधी दिलं, फ्लूची लस कधी टोचली. लशीच्या बाटलीवरचं लेबल अलगद सोलून ते वहीत डिंकाने चिकटवत आणि मी त्याखाली सही करत असे. बूस्टरची तारीख एका दिवसानेही चुकलेली मला आठवत नाही.

२००९च्या जानेवारीत सकाळी सहाला त्यांचा फोन आला. एक घोडा खोकतोय म्हणाले. मी पोचेपर्यंत तीन खोकत होते. घोड्याच्या फ्लूचा खोकला एकदा ऐकला की कानातून जात नाही: कोरडी, खोलवरून येणारी ढास, आणि तिच्यासरशी खाली झुकणारी मान. ताप १०३, नाकातून पाण्यासारखं गळणं. चंदी मात्र खात होते. तिसऱ्या दिवशी नऊ जण खोकायला लागले. रिसालदारसाहेबांनी वही उघडून माझ्यासमोर धरली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, टोचली होती ना आपण?"

आवाजात राग नव्हता. फौजेत काडतुसांचा हिशेब विचारतात तसं विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं: कोणतीच लस शंभर टक्के नसते वगैरे. ते मी दिलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि वही मिटली नाही.

मग मी ते चिकटवलेलं लेबल पहिल्यांदा पूर्ण वाचलं. मुदत आणि बॅच नंबर मी दर वेळी बघायचो. त्याखाली बारीक अक्षरांत होतं: प्राग ५६, सफोक ८९, न्यूमार्केट ९३. गावाचं नाव आणि साल. त्या गावी, त्या साली आजारी पडलेल्या घोड्यापासून वेगळा केलेला विषाणू, मारून बाटलीत भरलेला. म्हणजे मी टोचत होतो त्यातला सगळ्यात ताजा विषाणू पंधरा वर्षांचा शिळा होता आणि सगळ्यात जुना माझ्या जन्माआधीचा. जुना फोटो पाहून सोयरीक ठरवावी आणि मांडवात भलताच इसम उभा राहावा, त्यातला प्रकार.

प्रागवाल्याची गोष्ट तर त्याहून मजेची. तो एच७एन७ जातीचा. १९८०च्या सुमारास तो घोड्यांमधून दिसेनासा झाला. तरी पुढे कितीतरी वर्षं तो लशीच्या बाटल्यांत नांदत राहिला. घरातला माणूस जाऊनही रेशनकार्डावर नाव राहावं तसा. खरा उपद्रव दुसऱ्याचा, एच३एन८चा. १९६३ साली मायामीत तो सापडला आणि तेव्हापासून घोड्यांत मुक्कामाला आहे. पण एका रूपात नाही. ऐंशीच्या दशकाअखेर त्याची युरोपीय आणि अमेरिकी अशी दोन घराणी झाली, मग अमेरिकी घराण्यातून फ्लोरिडा नावाची शाखा निघाली आणि या शतकाच्या सुरुवातीला तिचेही दोन फाटे झाले. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला २००३ साली रीतसर लस घेतलेल्या रेसच्या घोड्यांना फ्लू झाला, तो पहिल्या फाट्याचा. आपल्याकडे जून २००८मध्ये कटऱ्याला, वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, यात्रेकरूंना वाहून नेणारी खेचरं-घोडी आजारी पडली, तो दुसऱ्या फाट्याचा. तिथून साथ अनेक राज्यांत पसरली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची देशी लस तोवर १९८७च्या लुधियानाच्या विषाणूवर बेतलेली होती. मग तिथल्या शास्त्रज्ञांनी कटऱ्याचा विषाणू घेऊन ती नवी केली. २०१०पासून जागतिक पशुआरोग्य संघटनेचं तज्ज्ञमंडळ सांगू लागलं की बाटलीत फ्लोरिडाचे दोन्ही फाटे हवेत.

लशीचा जोर मोजायची एक सुंदर पद्धत आहे. जेलीच्या पातळ थरात विषाणू चिकटवलेल्या तांबड्या पेशी असतात, तिला भोक पाडून घोड्याच्या रक्तातला रस भरायचा. प्रतिपिंडं पसरतात तिथल्या पेशी फुटतात आणि स्वच्छ गोल वर्तुळ उमटतं. वर्तुळ १५० चौरस मिलिमीटरच्या वर असलं की घोड्याला सहसा लागणच होत नाही. ८५च्या आसपास असलं तर लागण होते, पण घोडा फारसा आजारी दिसत नाही. ही गणितं विषाणू आणि लस एकाच वळणाची असतील तेव्हाची. वळण बदललं की मोठं वर्तुळसुद्धा दगा देतं.

लागण होते पण आजारी दिसत नाही, हे वाक्य मला तेव्हा पुस्तकातून पाठ होतं. त्याचा अर्थ नुकरीने शिकवला.

नुकरी खोकत नव्हती. ताप नव्हता. शेजारच्या गावात वरात ठरलेली होती, विसार घेतलेला होता. रिसालदारसाहेबांनी विचारलं, जाऊ दे का? मी थर्मामीटर झटकला आणि म्हणालो, "जाऊ दे, हिला काही झालेलं नाही." घोडी नटून गेली, तासभर बँडपुढे चालली, रात्री तिकडच्याच एका तबेल्यात थांबली. तीन दिवसांनी तो तबेला खोकायला लागला. त्याला लागून वीटभट्टी होती आणि भट्टीवर गाढवं. गाढवांना फ्लू घोड्यांपेक्षा वाईट बाधतो, आणि त्यांना कोणी कधी लस टोचलेली नव्हती. आमचे नऊ घोडे आठवड्यात बरे झाले. भट्टीवरचं एक शिंगरू न्यूमोनियाने गेलं. कदाचित नुकरीमुळे नसेलही, साथ तेव्हा चहूकडे होती. पण माझं मन ते मान्य करत नाही.

अर्धवट जुळणारी लस घोड्याला वाचवते आणि त्याला मुका वाहकही बनवते. ऑस्ट्रेलियात हेच फार मोठ्या मापाने घडलं. २००७च्या ऑगस्टपर्यंत त्या देशात घोड्यांचा फ्लू कधी आलाच नव्हता, म्हणून तिथे कोणी लस टोचत नसे. परदेशातून आणलेले, लस घेतलेले घोडे विलगीकरणात होते. तिथून विषाणू निसटला आणि ७०,०००हून अधिक घोड्यांना लागण झाली. सिडनीच्या शर्यती बंद पडल्या. डिसेंबरअखेर त्यांनी तो पुन्हा हुसकावून लावला, याचं मला आजही नवल वाटतं.

कोणी म्हणेल, सगळे प्रकार एकाच बाटलीत कोंबा की. आफ्रिकन हॉर्स सिकनेसचं उदाहरण त्यांनी पाहावं. त्याचे नऊ प्रकार आणि एकाची ढाल दुसऱ्याला पुरती चालत नाही. १९६०मध्ये हा आजार इराण-पाकिस्तानमार्गे भारतातही आला होता, नवव्या प्रकाराचा; त्या साथीत या साऱ्या पट्ट्यात तीन लाखांहून अधिक घोडे-गाढवं-खेचरं गेली. दक्षिण आफ्रिकेत ओंडरस्टेपूर्टची लस दोन बाटल्यांत येते. एकीत १, ३, ४. दुसरीत २, ६, ७, ८. दोन्हींमध्ये किमान तीन आठवड्यांचं अंतर, कारण सगळे एकदम दिले तर ते एकमेकांना अडवतात. पाच आणि नऊ त्यांत नाहीतच. आठ आणि सहा त्यांची बाजू थोडीफार सांभाळतात. ही लस जिवंत, दमवलेल्या विषाणूंची. वेस्टर्न केपमध्ये २००४, २०११ आणि २०१४च्या साथींचा माग काढला तेव्हा तो लशीतल्याच विषाणूपर्यंत पोचला. दमवलेला पुन्हा ताजातवाना झाला होता. आमच्या फ्लूच्या बाटलीतला विषाणू निदान मेलेला तरी असतो.

त्यानंतर माझ्या कामाची रीत बदलली. घोडा तपासण्याआधी मी बाटली तपासतो. पोटात गर्भ असलेल्या घोडीला विण्याआधी महिनाभर बूस्टर देतो, म्हणजे चीक दाट उतरतो. आणि तो चीक प्यालेल्या शिंगराला सहा महिन्यांपर्यंत टोचत नाही, कारण आईचीच प्रतिपिंडं लस खाऊन टाकतात. ताप जितके दिवस, तितके आठवडे खोगीर नाही, या बाबतीत मालकाशी भांडतो. श्वासनलिकेची झडलेली लव परत यायला तीन आठवडे लागतात. घोड्याचे डोळे चमकायला लागले म्हणून ती लवकर उगवत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत मात्र यातलं फारसं काही चालत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी देशभरातून घोडे येतात, दावणीला दावण लागते, एकाच हौदावर सगळे पाणी पितात. पेटी घेऊन गेलो की अर्धे मालक घोडा आडोशाला नेतात. लशीला ते भीत नाहीत, रक्ताच्या नळीला भितात. २००६मध्ये महाराष्ट्रात ग्लँडर्स पुन्हा उगवला, आणि त्यात रक्त सदोष निघालं की जनावर मारावंच लागतं. डॉक्टरच्या हातातली सुई टोचायला आली की काढायला, हे त्यांना दुरून कसं कळावं? मी आता हात रिकामे ठेवून जातो, चहा घेतो, घोड्याची किंमत विचारतो, पंचकल्याणी असेल तर चार शब्द कौतुकाचे बोलतो. पेटी तासाभराने उघडते.

रिसालदारसाहेबांनी त्या जानेवारीतच पट्टी घेऊन वहीत एक नवा रकाना आखला होता. वर लिहिलं: 'गाव व साल'. नवी बाटली मिळाली तेव्हा त्यात त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भरलं: ओहायो ०३, रिचमंड ०७. दोन्ही फाटे. माझी सही त्यापुढे.

२०१९च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये फ्लूमुळे सहा दिवस शर्यती बंद ठेवल्या, आणि तिथेही लस घेतलेले घोडे आजारी पडले होते. पेपरात ते वाचून त्यांचा फोन आला. ऐंशी ओलांडली होती, ऐकू कमी येत होतं, म्हणून ते मोठ्याने बोलत.

"डॉक्टरसाहेब, वही काढली होती. आपल्या रकान्यात अजून रिचमंड ०७च आहे. बारा वर्षं झाली की हो."