दोन खोल्यांतला देव

नगरहून कल्याण रोड धरला की टाकळी ढोकेश्वरला आईचे हात आपोआप जुळतात. तिथलं लेणं महादेवासाठीच कोरलेलं, आत सप्तमातृका. आणे घाट उतरून, आळेफाट्यावरून जुन्नरकडे वळून लेण्याद्रीला आलं, की गोष्ट वेगळी. इथला गिरिजात्मज भिक्खूंच्या घरात राहायला आलेला.

आईने डोली नाकारली. थोडं चढायची, बसायची, गुडघे चोळायची, उठायची. पुढे पांढऱ्या साडीतल्या एक आजी नातवाचा हात धरून चाललेल्या. दोघींचा दम एकाच पायरीवर संपायचा, म्हणून बोलणं जुळलं. वर पोचल्यावर आई सातव्या लेण्यात गेली, आजी शेजारच्या सहाव्यात.

सातवं लेणं म्हणजे प्रशस्त विहार. एवढ्या दालनात मधे एकही खांब नाही. तिन्ही भिंतींना मिळून वीस खोल्या. एकेका माणसाच्या एकांतापुरत्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांची आडभिंत काढून गणपतीला जागा केली आहे. मूर्ती कातळातच, म्हणून प्रदक्षिणा नाही. ती भिंत गेल्याचं मला वाईट वाटतं. आणि आईने शेंदराशी कपाळ टेकवलं, की तसं म्हणायला जीभ उचलत नाही. उरलेल्या अठरा खोल्यांच्या अंधाराकडे मात्र कुणी बघत नाही, त्याची खंत वाटते.

सहाव्यात गर्दी नव्हती. खांबांवर हत्ती, सिंह, शेवटी स्तूप. आजी त्याच्यासमोर डोळे मिटून उभ्या. हे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने, हेरणिकाच्या म्हणजे सोनाराच्या मुलाने दान दिलं, असं इथल्या शिलालेखात आहे. आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस! कल्याणहून तेव्हाची वाट नाणेघाटातून वर यायची. जुन्या लेखात या डोंगराचं नाव कपिचित. वानरं आजही कठड्यांवर पोरं पोटाशी धरून बसलेली.

आई मागून आत आली. चपला नव्हत्याच, पदर नीट केला.

"हितं देव कोणता, बाई?"

"देव न्हाई. बुद्धाची आठवण हाय."

आई काही बोलली नाही. हात जोडून आजींच्या शेजारी उभी राहिली, गणपतीपुढे राहिली होती त्याहून जास्त वेळ.

उतरताना तिचा गुडघा धरला. आजींनी खांदा पुढे केला. नातू पायऱ्या मोजत पुढे, मी मनात मोजत मागे. खाली आलो तेव्हा दोघांचे आकडे जुळेनात. तो म्हणाला, परत वर जाऊन मोजू.