पाऊण तास आणि दोन दिवस

श्रीनगरहून लेह किती दूर? घरून निघण्यापूर्वीच या प्रश्नाचे उत्तर आम्ही कागदावर मांडले होते. रस्त्याने सुमारे ४२० किलोमीटर, वाटेत कारगिलला मुक्काम, म्हणजे दोन दिवस. आकाशमार्गे सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे अवघा पाऊण तास. काळ-काम-वेगाची उदाहरणे मुलांना घालण्यात ज्याची हयात गेली, त्या मुख्याध्यापकाला निवड करण्यास कितीसा विलंब लागणार? जाताना विमान, परतताना मोटार, असे आम्ही उभयतांनी ठरविले.

बेळगावात आमच्या शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. निरोप देताना ते म्हणाले, "गुरुजी, तिथं उतरल्यावर दोन दिवस स्वस्थ पडून राहा. वहिनींना जपा." आम्ही मान डोलावली आणि विसरलो.

ही गोष्ट २०१८ सालच्या जूनमधली. श्रीनगरची भातखाचरे मागे पडतात न पडतात तोच खिडकीखाली हिमशिखरे आणि त्यांपलीकडे उघडेबोडके पिंगट डोंगर दिसू लागले. मग सिंधूचे पात्र आले आणि डोंगरांच्या मधून विमान खाली उतरले. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर आहे. दुपारी तेथे वारे सुटतात, म्हणून विमानांची ये-जा बहुतेक सकाळीच उरकते. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन येथे पहिले डाकोटा विमान उतरविले. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या साहाय्याने ती कच्ची धावपट्टी सिद्ध केली होती. त्या युद्धात विमानांनी लेहला कुमक पोहोचविली.

हा इतिहास आठवीत आम्ही त्याच दुपारी लेहच्या नऊमजली राजवाड्याची चढण चढू लागलो. अर्ध्या वाटेत सौ. खाली बसल्या. डोके ठणकत होते. सायंकाळी वांत्या सुरू झाल्या. रात्री श्वास पुरेना. रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "विमानाने आलात ना?" मग प्राणवायू लावीत त्यांनी समजाविले : समुद्रकाठच्या मानाने येथे हवेचा दाब सुमारे दोन-तृतीयांशच असतो. श्रीनगरची उंची १,६०० मीटरांच्या आत. तेथून तासाभरात माणूस दुप्पट उंचीवर येतो, पण त्याचे शरीर मागेच राहते. ते येऊन पोहोचावे म्हणून दोन दिवस तरी थांबावे लागते. त्या रात्री उशाशी बसून आम्ही त्यांचे श्वास मोजीत होतो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात इतकी लांब रात्र आम्ही पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांना बरे वाटले. परतीची वाट मोटारीची : प्रथम ४,१०८ मीटरांचा फोतुला, मग नामिकला, कारगिलचा मुक्काम आणि शेवटी ३,५२८ मीटरांवरील जोझीला. कारगिल सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. लेहकडे निघालेले प्रवासी तेथे रात्रीपुरते विसावलेले दिसले. ज्या मुक्कामाला आम्ही वेळेचा अपव्यय समजलो होतो, त्याच मुक्कामात शरीर उंचीशी ओळख करून घेत होते.

विमानाला आम्ही दोष देत नाही. बर्फाने घाट बंद पडला की लेहला त्याचाच आधार. वाचकांनी विमानाने जरूर जावे. मात्र पाऊण तासापुढे विश्रांतीचे दोन दिवस आधीच मांडून ठेवावेत, आणि हृदयाचा वा श्वासाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच निघावे. बेरीज केली तर दोन्ही वाटांना सारखाच वेळ लागतो.

घरी आल्यावर सुभेदारांनी विचारले, "गुरुजी, पडून राहिलात ना?" आम्ही सौ.कडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे औदार्य.