अनुभवाचा दाखला

चि. ताईस,



तुझे पत्र पोहोचले. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले, आईवडिलांनी पेढे वाटले, आणि तरीही जिथे जिथे अर्ज घेऊन गेलीस तिथे तिथे ‘अनुभव किती?’ या एकाच प्रश्नापाशी सारे अडले, हे वाचून वाईट वाटलेच. परंतु त्याहून अधिक क्लेश झाले ते, आपल्याला मुळी काही येतच नाही असे आता वाटू लागले आहे, या तुझ्या शेवटच्या वाक्याने. त्या वाक्याशी माझा वाद आहे.

तीन वर्षे तू केवळ वर्गात बसून काढलेली नाहीस. आपल्या शिक्षणाची घडणच अशी आहे की मुलगी पहिल्याच वर्षी वॉर्डात उभी राहते, नाडी-ताप-रक्तदाबाचे तक्ते भरते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून निजलेल्या रुग्णाची कूस बदलते, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत रात्रपाळीत सलाइन केव्हा संपेल याचा हिशेब झोपाळलेल्या डोळ्यांनीही बिनचूक ठेवू लागते. शासकीय रुग्णालयात परिसेविका असताना, विद्यार्थिनी परीक्षेच्या रजेवर गेल्या म्हणजे वॉर्डाचे काम कसे खोळंबते, हे मी दरवर्षी पाहत आले. ज्या हातांच्या भरवशावर रुग्णालये चालतात, तेच हात परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणीकृत झाल्यावर अननुभवी कसे ठरतात, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेले नाही.

कारण मात्र मला ठाऊक आहे, आणि ते तुझ्यात नाही. अध्यापन-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिले आहे. प्रत्यक्षात जिथे एकीच्या अंगावर अख्खा वॉर्ड पडतो, तिथे नवीन मुलीला शेजारी घेऊन शिकवायला कोणाला उसंत असणार? म्हणून रुग्णालयांना तयार बाई हवी असते, आणि तिला तयार करण्याचा खर्च दुसऱ्या कोणी सोसलेला हवा असतो. शासनाच्या सरळसेवा भरतीची वाट पाहता पाहता उमेदवारांची वर्षे निघून जातात, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी नेमणूक मिळाली तरी अकरा महिन्यांची मुदत सरली की पुन्हा आदेशाकडे डोळे लावून बसावे लागते. एके काळी अडचण उलटी होती: पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी मुलींना ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यास पाठवले, तेव्हा लोकनिंदेच्या भयाने घरोघरची माणसे आपल्या लेकीसुना धाडण्यास कचरत होती. आज मुली आहेत, शिकलेल्या आहेत, आणि रुग्णांची निकड तर तसूभरही कमी झालेली नाही. तरी या मुलींना दारातूनच परत पाठवावे, हा मला सार्वजनिक अपव्यय वाटतो.

आता एका रुग्णालयाकडून तुला आलेल्या नोकरीच्या बोलावण्याविषयी. सहा महिने ‘शिकाऊ’ म्हणून बिनपगारी काम, त्यापुढे दोन वर्षांचा करार, आणि तोवर मूळ प्रमाणपत्रे त्यांच्या दफ्तरात: या तिन्ही अटींना माझा स्पष्ट नकार आहे. नोंदणी झालेली परिचारिका शिकाऊ नव्हे; तिच्या हातून औषध चुकले तर जबाबदारी तिच्याच नावावर येते, मग मेहनतानाही तिच्याच नावावर पडला पाहिजे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने, पन्नासांहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांखाली वेतन असू नये, अशी शिफारस केली. त्या शिफारशीचा अंमल तुझ्या गावी कितपत होतो हा भाग वेगळा. बोलणी करताना तो आकडा तुला माहीत असावा. आणि मूळ कागद कोणाच्याही हाती ठेवू नकोस. ते दाखवावेत, नकला द्याव्यात, आणि घरी परत आणावेत.

पगार थोडा कमी मिळाला तरी एका गोष्टीसाठी मी तुला जा म्हणेन. मुलाखतीत तूच विचार की पहिले तीन महिने माझ्याबरोबर कोण असेल, रात्रपाळीत मला एकटीला ठेवणार का, आणि एका पाळीत किती रुग्ण माझ्याकडे येतील. या प्रश्नांनी ज्या मेट्रनबाई रागावतील त्यांच्याकडे तू जाऊ नयेस; ज्या नीट बसवून उत्तर देतील, त्यांचे रुग्णालय वीस खाटांचे असले तरी तिथे रुजू व्हावेस. नव्या मुलीच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा अज्ञानाने होत नाहीत, तर विचारायला जवळ कोणी नसल्याने होतात, असे मी इतक्या वर्षांत पाहिले आहे.

तूर्त तुझी प्रात्यक्षिकांची नोंदवही काढ. कोणत्या विभागात किती आठवडे होतीस, किती प्रसूती स्वतः केल्यास, अतिदक्षता विभागात काय पाहिलेस आणि काय स्वतः हाताळलेस, हे तिच्यातून एका पानावर उतरवून अर्जाला जोड. ‘अनुभव नाही’ असे मात्र कुठेही लिहू नकोस. ते पान आणि त्या करारनाम्याची नक्कल मिळाल्यास तीही, मला टपालाने धाड. सही करण्याची घाई नको. ते दोन्ही मी वाचून आठवड्यात उत्तर देते.

आईस नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझी,
मावशी