पाच मिलिअँपिअरचा फरक

बी.कॉम. झालेल्या माणसाने हातात पाना धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बहिणीकडे पाहुणचार झोडणाऱ्या माणसाला मत नसतं. साठवलेली रजा काढून आम्ही उभयता जळगावहून ह्यूस्टनला धाकट्या बहिणीकडे गेलो आणि तिसऱ्याच दिवशी अंगणात एक भलंमोठं खोकं येऊन पडलं.

"दादा, स्मोकर आहे," मेहुणे म्हणाले. मला वाटलं, कुणाच्या तरी व्यसनाबद्दल बोलताहेत.

स्मोकर म्हणजे विजेवर चालणारी, पण लाकूड जाळणारी चूल. बाजूच्या पेटीत भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्यांसारख्या गोळ्या ओतायच्या. मोटरवर फिरणारा स्क्रू त्या हळूहळू पुढे ढकलतो, तापलेली कांडी त्यांना पेटवते, पंखा फुंकर घालतो आणि किती ऊन झालं ते बघून यंत्र जाळ कमीजास्त करतं. एवढं सगळं आमच्या आजीने एका फुंकणीवर भागवलं होतं. गोळ्यांच्या पिशवीवर 'मेस्किट' असं लिहिलं होतं. भाच्याने शोधून सांगितलं, "मामा, ही तुमच्या वेड्या बाभळीची चुलत बहीण." नऊ किलो वेडी बाभूळ, आणि तीही डॉलर मोजून! मी मनातल्या मनात रुपये केले आणि पुन्हा करायचे नाहीत असं ठरवलं.

जोडणीला अख्खी दुपार गेली. मेहुणे चित्रं बघत होते, मी स्क्रू पिळत होतो. जो स्क्रू सहजी बसेना त्याला मी जोर लावला. शेवटी एक वॉशर उरला. तो मी सस्पेन्स अकाउंटला टाकला, म्हणजे खिशात.

स्मोकर भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवला. (गाडीच्या शेडमध्ये ठेवू या, ही माझी सूचना कार्बन मोनॉक्साइडच्या नावाखाली फेटाळली गेली.) बाहेरच्या प्लगात पिन घातली, बटण दाबलं. पंखा घुर्र झाला आणि 'टक्!' वीज गेली. प्लगवरचं बारकं बटण दाबून पुन्हा चालू केलं. टक्! चार वेळा तेच.

"प्लगच खराब आहे," मी निदान केलं. "घरातून साधी वायर ओढा. तिसरी पिन बसत नसेल तर दोनवर भागवा." आमच्या घरची इस्त्री कित्येक वर्षं दोन पिनांवरच चालली आहे आणि गेल्या उन्हाळ्यात तर उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवून चालली होती.

भाचा आठवीत. तो म्हणाला, "मामा, हा प्लग गेलेली वीज आणि परत आलेली वीज मोजतो. साधारण पाच मिलिअँपिअरचा फरक पडला तरी बंद होतो. फरक म्हणजे वीज दुसरीकडून कुठून तरी चालली आहे."

मी गप्प. संध्याकाळी कॅशमध्ये पाच रुपयांचा फरक आला म्हणून अख्ख्या शाखेला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवणारा माणूस मी. आणि इथे ताळा न जुळता वही बंद करायला निघालो होतो!

मेहुण्यांनी पिन काढून पेटी उघडली. त्या कांडीची वायर पत्र्याच्या कडेखाली चेपली होती, आवरण फाटून तांबं पत्र्याला टेकलं होतं. वर स्क्रू होता. तोच, जोर लावलेला. माझ्या सल्ल्याप्रमाणे तिसरी पिन सोडली असती, तर एकशेवीस व्होल्ट त्या चकचकीत झाकणावर येऊन बसले असते. आणि झाकणाच्या मुठीवर सबंध दुपार हात ठेवून भाचा उभा होता.

मेहुणे काही बोलले नाहीत. मला चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. फाटक्या वायरीला चिकटपट्टी न लावता त्यांनी नवी कांडी वायरसकट मागवली. ती चौथ्या दिवशी आली. स्क्रू या खेपेला भाच्याने बसवले. मी वॉशर दिला.

आधी तासभर रिकामाच तापवला, मग बहिणीने वांगी ठेवली. आमच्या खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजतात. "काट्यांची चव नाही हं, दादा," असं म्हणत तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर सवयीने मी उठलो आणि पिन उपटायला हात घातला.

"मामा!" भाचा ओरडला. "आधी बंद करायचं बटण. आत उरलेल्या गोळ्या जळून जाईपर्यंत पंखा चालू राहतो!"

मी हात खिशात घातला.